ध्वनियंत्राची पारख

संगीताची समीक्षा मराठीत पुष्कळ झाली आहे. गायकाचा गळा, त्याची तालीम, त्याचे घराणे, बंदिशीची मांडणी यांविषयी लिहिताना आमच्या लेखकांनी कधी हात आखडता घेतला नाही. परंतु ज्या यंत्रातून हे संगीत आज बहुसंख्य घरांत पोहोचते, त्या यंत्राची पारख कशी करावी आणि ती करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आम्ही तंत्रज्ञांकडे सोपवून मोकळे झालो. वस्तुतः हा प्रश्न तंत्राचा जितका आहे तितकाच अभिरुचीचाही आहे. आंबा घेणारा मनुष्य तो हुंगून पाहतो, साडी घेणारी गृहिणी पोत चिमटीत धरून पाहते. स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर घेणारा ग्राहक मात्र बहुधा दुसऱ्याच्या शब्दावर पैसे मोजतो. हा दुसरा कोण, याचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, गेल्या शंभर वर्षांत ग्राहकाने तीन गुरू केले: प्रथम विक्रेता, नंतर समीक्षक आणि शेवटी आकडा. प्रत्येक गुरूने त्याला आधीच्या गुरूच्या जाचातून सोडविले, आणि त्याच्या मोबदल्यात त्याचा कान स्वतःकडे गहाण ठेवून घेतला. हा कान सोडवून कसा आणावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विक्रेत्याच्या गुरुत्वाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना अमेरिकेतला आहे. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने गावोगाव जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका उभी राही आणि तिच्या शेजारी कंपनीचा फोनोग्राफ असे. गायिका गाता गाता थांबे, तबकडी पुढे गात राही. कधी दिवे मालवले जात, आणि अंधारात कोण गात आहे ते ओळखा, असे श्रोत्यांना आव्हान दिले जाई. श्रोते फसत आणि कंपनी त्याचा मोठा गाजावाजा करी. ॲना केस ही गायिका अशा प्रयोगांत गात असे. यंत्राशी मिळता राहावा म्हणून आपण आपला आवाज त्याच्यासारखा काढीत होतो, असे तिने पुढे वृद्धपणी सांगून टाकले. म्हणजे यंत्र गायिकेसारखे गात होते हा श्रोत्यांचा समज खरा नव्हता. गायिकाच यंत्रासारखी गात होती! विक्रेत्याने मांडलेली परीक्षा किती निर्दोष दिसू शकते, आणि तिच्यात उत्तर आधीच कसे पेरलेले असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सर्वच विक्रेते असे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्लंडातील व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरल्या सभागृहापुढे खरे वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण एकामागोमाग एक ऐकवण्याचे धाडस केले. अमेरिकेतील अकौस्टिक रिसर्च या कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक श्रवणकक्ष उघडला होता. तेथे कोणीही यावे, हवा तितका वेळ ऐकावे आणि निघून जावे. कक्षात विक्री होत नसे. परंतु हे अपवाद होत. दुकानातील नित्याची रीत निराळी. दोन स्पीकरांतला जो खपवावयाचा तो किंचित मोठ्याने वाजवला की काम होते. आवाजातील एखाद्या डेसिबलची वाढ कानाला 'मोठेपणा' म्हणून जाणवत नाही. 'अधिक खुला', 'अधिक स्वच्छ' अशा गुणांच्या रूपाने ती जाणवते. ही मानवी कानाची प्रकृती आहे, आणि ती ग्राहकापेक्षा विक्रेत्याला फार आधी कळली.

जेथे प्रत्यक्ष ऐकवण्याची सोय नव्हती तेथे विक्रेत्याने आकड्याचा आश्रय घेतला. १९८० आणि १९९० च्या दशकांतील आपल्याकडील कॅसेट-प्लेयर आमच्या वाचकांस आठवत असतील. त्यांच्या दर्शनी बाजूवर 'पीएमपीओ' या चार अक्षरांसह शेकडो, क्वचित हजारो वॅटचा आकडा ठळक छापलेला असे. प्लगमधून जेमतेम काही दशक वॅट वीज घेणाऱ्या यंत्रातून हजार वॅट कसे बाहेर पडतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो आकडा क्षणाच्या कुठल्याशा अंशाचा होता आणि तो काढण्याची सर्वमान्य रीतच नव्हती. अमेरिकेत याच प्रकारच्या आकड्यांना आळा घालण्यासाठी तेथील संघीय व्यापार आयोगाने १९७४ सालीच नियम केला, आणि ॲम्प्लिफायर सतत किती शक्ती देऊ शकतो तेच जाहीर करावे असे ठरवून दिले. आपला ग्राहक मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे त्या चार अक्षरांना भुलत राहिला.

अशा बाजारात समीक्षकाचा उदय झाला तो स्वागतार्हच होता. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकाराने १९२३ साली लंडनमध्ये 'ग्रामोफोन' मासिक काढले, तेव्हापासून तबकडी आणि यंत्र यांविषयी जाणत्याने लिहावे ही प्रथा पडली. परंतु यंत्रसमीक्षेला स्वतंत्र बाणा दिला तो अमेरिकेतील जे. गॉर्डन होल्ट यांनी. 'हाय फिडेलिटी' या मासिकात ते यंत्रांची परीक्षणे करीत. जाहिरातदारांच्या मर्जीने चालणाऱ्या लेखनाला विटून त्यांनी १९६२ साली 'स्टीरिओफाइल' हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. त्यांचे म्हणणे साधे होते. यंत्र हे ऐकण्यासाठी असते, तेव्हा ते ऐकावे आणि जे ऐकू आले ते लिहावे. १९७३ साली हॅरी पिअरसन यांनी 'ॲब्सोल्यूट साउंड' काढून या विचाराला एक कसोटीही दिली: खऱ्या सभागृहात, ध्वनिवर्धकावाचून, खऱ्या वाद्यांतून निघालेला नाद हेच प्रमाण, आणि यंत्र त्याच्या किती जवळ जाते तेवढाच त्याचा गुण. ही कसोटी कोणाही संगीतरसिकास मान्य व्हावी अशीच आहे.

मग बिघडले कोठे? आमच्या मते ते भाषेत बिघडले. ऐकलेल्या नादाचे वर्णन करण्यासाठी होल्ट यांनी एक परिभाषा सिद्ध केली, आणि आरंभी तिच्यामागे शिस्त होती. पुढे अनुयायांच्या हाती ती सैल झाली. अमुक ॲम्प्लिफायर लावताच गाण्यावरचा पडदा दूर झाला, तमुक तारेने वाद्यांभोवती हवा खेळू लागली, असली वाक्ये पानोपानी येऊ लागली. आपल्या बैठकीतही अशी विशेषणे आहेत. जवारी खुली आहे, आवाज गोल आहे, तान दाणेदार आहे असे आपण म्हणतोच. परंतु एक महत्त्वाचा भेद आहे. बैठकीत बोलणारा आणि ऐकणारा एकाच तंबोऱ्यासमोर बसलेले असतात. शब्द चुकला तर शेजारचा मान हलवतो आणि शब्द तेथेच दुरुस्त होतो. यंत्रसमीक्षकाचा वाचक शेकडो कोस दूर. त्याच्यापुढे ना ते यंत्र, ना ती खोली. शब्द पडताळून पाहण्याची सोय जेथे नसते, तेथे शब्द किमतीबरोबर वाढत जातो. स्पीकरला जोडावयाच्या तारेचे उदाहरण घ्यावे. काही मीटर अंतरासाठी पुरेशा जाडीची तांब्याची साधी तार आपले काम चोख करते. तरी हजारो डॉलरांच्या तारा बाजारात आल्या, त्यांच्यावर स्तुतिपर निबंध लिहिले गेले, आणि ज्याला त्यांतील फरक ऐकू येईना त्याला आपलाच कान अडाणी वाटू लागला.

या परंपरेवरील सर्वांत कठोर टीका बाहेरच्या कोणी केलेली नाही. २००७ साली, म्हणजे आपले नियतकालिक सुरू केल्याला पंचेचाळीस वर्षे झाल्यावर, खुद्द होल्ट यांनीच सांगितले की, यंत्राचे नाव झाकून ऐकण्याची प्रामाणिक परीक्षा नाकारल्यामुळे उंची ध्वनियंत्रांच्या या व्यवसायाने १९८० च्या दशकातच आपली पत घालवली. ज्याने कानाला न्यायासनावर बसविले, त्यानेच शेवटी न्यायाधीशाच्या डोळ्यांवर पट्टी हवी असे म्हणावे, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. ती त्याच्या मूळ भूमिकेचीच परिणती होय.

पट्टी बांधून ऐकण्याचे प्रयोग तोवर झालेले होतेच. १९८७ साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' या मासिकाने काही शे डॉलरांपासून हजारो डॉलरांपर्यंतचे ॲम्प्लिफायर समान मोठेपणावर, नाव न सांगता, श्रोत्यांना ऐकविले. सर्वांचे निर्णय एकत्र पाहता ते नाणेफेकीहून निराळे ठरले नाहीत. स्पीकरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातील फरक मोठे असतात आणि ते ऐकू येतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी या फरकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पडद्याआडून ऐकताना निरनिराळ्या श्रोत्यांची पसंती आश्चर्य वाटावे इतकी जुळते, आणि ज्या स्पीकराचा नाद खालपासून वरपर्यंत समतोल, कोठे फुगवटा वा खळगा नसलेला, त्याच्याच बाजूने ती झुकते, असे त्यांना आढळले. पुढे १९९४ साली त्यांनी शॉन ऑलिव्ह यांच्यासह एक साधा प्रयोग केला. श्रोते चाळीस, स्पीकर चार. एकदा पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. पडद्याआड जो लहान आणि स्वस्त संच मोठ्यांच्या तोडीस उतरला होता, तो दिसू लागताच गुणांत खाली घसरला. इतकेच नव्हे, तर स्पीकराची जागा बदलल्याने नादात पडणारा फरकही उघड्या डोळ्यांनी ऐकताना श्रोत्यांच्या फारसा ध्यानी येईना. डोळ्याने कानाला नुसते फसविले नव्हते. ते त्याला बधिर करून बसले होते.

येथून आकड्याचे युग सुरू झाले. २०१३ साली अमेरिकेतील ग्राहक-इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने स्पीकर मोजण्याची एक प्रमाण पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात स्पीकराभोवती सत्तर कोनांतून मापे घेऊन त्यांचा एकत्रित आलेख काढतात. पूर्वी प्रयोगशाळेबाहेर न पडणारे असे आलेख आज उत्पादकाशी संबंध नसलेले परीक्षक मुक्तपणे प्रसिद्ध करतात आणि ग्राहक ते घरबसल्या पाहू शकतो. याचे मोल आमच्या वाचकांनी तरी कमी लेखू नये. चांगले श्रवणकक्ष आपल्या देशात मुख्यतः महानगरांत. बेळगाव, मडगाव, देवास, ग्वाल्हेर येथील रसिकाने आजवर एकतर स्थानिक दुकानदार देईल ते घ्यावे, नाहीतर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाच्या भरवशावर राहावे. त्याला आता विक्रेत्याची आर्जवे करावी लागत नाहीत आणि समीक्षकाच्या अलंकारांचा अर्थ लावीत बसावे लागत नाही. मोठ्या किमतीचा आणि सदोष आलेखाचा स्पीकर, आणि लहान किमतीचा पण समतोल आलेखाचा स्पीकर यांतील निवड तो आपल्या ओसरीवर बसून करू शकतो. हा लोकशाहीचा लाभ आहे, आणि तो खरा आहे.

तथापि या तिसऱ्या गुरूनेही आपली दक्षिणा मागितलीच आहे. आलेख पाहून निवडण्याची सवय लागलेला ग्राहक हळूहळू आलेखच ऐकू लागतो. एका यंत्रातील विकृती मूळ नादाच्या ११० डेसिबल खाली आहे आणि दुसऱ्यातील १२० डेसिबल खाली, म्हणून दुसरे श्रेष्ठ, असा हिशेब मांडला जातो. शांत म्हटल्या जाणाऱ्या घरातही रात्री तीसेक डेसिबलची कुजबुज चालूच असते. तीत या दोन्ही विकृती सारख्याच बुडून जातात. जे ऐकू येत नाही त्याचा क्रम लावणे आणि त्या क्रमाने पैसे खर्चणे, ही 'पीएमपीओ'चीच अधिक सुशिक्षित आवृत्ती होय. तो आकडा खोटा होता, हा खरा आहे. परंतु कानाशी संबंध तुटल्यावर खरा आकडाही तितकाच निरुपयोगी ठरतो.

आकड्याच्या भक्तांना आणि विरोधकांना एक गोष्ट सारखीच विसरायला होते. समतोल आलेख चांगला, हे कोणा गणितज्ञाने कागदावर ठरविलेले नाही. पडद्याआड बसलेल्या माणसांनी कानांनी कौल दिला, त्या कौलाशी जे माप जुळले ते प्रमाण ठरले. आलेख म्हणजे कानांच्या साक्षीची नोंद आहे. तेव्हा 'आकडा की कान' हा वाद मुळातच चुकीचा मांडलेला आहे. खरा प्रश्न असा की, ज्या कानांची साक्ष त्यात नोंदली गेली त्यांत आपला कान सामील करून घ्यावयाचा, की त्या नोंदीची नुसती नक्कल करावयाची.

आता आपल्या संगीताकडे वळू. भारतीय संगीतासाठी निराळ्या जातीचा स्पीकर लागतो, असे काही विक्रेते सांगतात. ते खरे नाही. समतोल स्पीकराला जात नसते. जे आत येईल ते तो बाहेर सोडतो. परंतु स्पीकराचा दोष ओळखावयाचा तर ओळखीच्या नादावरच ओळखता येतो. टूल आणि ऑलिव्ह यांच्या परंपरेतील प्रयोगांत ट्रेसी चॅपमन या अमेरिकन गायिकेचे 'फास्ट कार' हे गीत कसोटीसाठी वारंवार वापरले गेले आहे. ते त्यांना योग्यच. आपल्याकडे त्याच कामाला आम्ही तंबोरा सुचवू. दोष पकडण्यासाठी संशोधक सर्व स्वर एकवटलेला अखंड खळाळ वापरतात, कारण सतत आणि दाट नादात स्पीकराचा फुगवटा लपत नाही. जवारी खुललेल्या तंबोऱ्याचा नादही असाच सतत, दाट आणि वरच्या स्वरांशांनी भरलेला असतो. शिवाय तो आपल्या अंगवळणी पडलेला असतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि १९४८ पासून देवासला राहिलेले कुमार गंधर्व तंबोरे लावण्याबद्दल विख्यात होते. त्यांच्या एखाद्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गाणे सुरू होण्यापूर्वीचा तंबोरा दोन स्पीकरांवर पाळीपाळीने ऐकावा. जो स्पीकर जोडीच्या तारांना नाकात बोलायला लावतो किंवा त्यांची झळाळी पुसून टाकतो, तो काही क्षणांत उघडा पडतो.

तळाची परीक्षा खर्जाने करावी. गायक काळी एकमध्ये गात असेल तर मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्याचा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्‌झचा. फळीवर ठेवण्याजोगे कित्येक लहान स्पीकर त्याच्या वरच दम टाकतात. खर्ज तरीही 'ऐकू येतो', कारण वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वराची कल्पना करून घेतो; पण त्याचे वजन जाते. डग्ग्याची घसीट आणि गोव्याच्या घुमटाचा घुमारा यांवरही हाच अनुभव येईल. उलट, ज्याच्या संग्रहात मुख्यतः केरीच्या केसरबाई केरकरांच्या पिढीच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, त्याने अत्युच्च स्वरांच्या स्पष्टतेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्या पट्टीत त्या तबकड्यांवर गाणे थोडे आणि सुईची खरखर फार आहे. आपण काय ऐकतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच आपल्याला काय नको ते ठरवू शकतो. हे कोणताही आलेख सांगणार नाही.

आणि खोली! सुमारे दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खाली स्पीकरापेक्षा खोलीच अधिक बोलते, हे आता निर्विवाद आहे. त्याच्या वरही आपल्या आधुनिक घरांतील गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची तावदाने नाद परत फेकीत राहतात. जुन्या बैठकीत जाजम असे, लोड-तक्के असत, दारांना जाड पडदे असत आणि दाटीने बसलेली माणसे असत. या सर्वांनी नादाची खरखरीत धार शोषून घेतली जाई. दुप्पट किमतीच्या ॲम्प्लिफायरने जे साधत नाही ते एका जाड सतरंजीने, आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढल्याने साधते. हा सल्ला विक्रेता देत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रसिक म्हणतील, पडदे लावून, डेसिबल मोजून ऐकणे हे ऐकणे नव्हे. त्यात रस कोठे? आम्ही म्हणतो, रस त्यात नाहीच, आणि असूही नये. तंबोरा लावणे म्हणजे गाणे नव्हे. पण तो नीट लावल्यावाचून गाणे सुरू होत नाही. यंत्राची परीक्षा एकदाच कठोरपणे करावी ती अशासाठी की, पुढे यंत्राचा विसर पडावा. जो ग्राहक दर सहा महिन्यांनी यंत्र बदलतो आणि प्रत्येक वेळी त्याच चार तबकड्या लावून पाहतो, त्याच्या घरी संगीत कमी आणि परीक्षाच फार होते.

दुसरी हानी अधिक खरी आहे. आलेख पाहून टपालाने माल मागविण्याची रीत पडल्यापासून, जेथे चार माणसे एकत्र बसून ऐकत अशा जागा ओस पडत चालल्या आहेत. विक्रेता लबाड असेल, पण त्याच्या दुकानात निदान दोन यंत्रे शेजारी शेजारी वाजत. ती उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य आमच्या मते महाराष्ट्राबाहेरील आपल्या संगीतमंडळांत आहे. गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत, बडोद्यापासून हैदराबादपर्यंत अशी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांच्याकडे जागा आहे, सतरंज्या आहेत, ध्वनिमुद्रणांचे साठे आहेत आणि तयार कानाची माणसे आहेत. वर्षातून एक संध्याकाळ त्यांनी सभासदांना आपापले स्पीकर आणावयास सांगावे, सर्वांचा आवाज मापून समान करावा, मध्ये साधा सुती पडदा टांगावा, आणि प्रत्येकाने कागदावर आपला कौल लिहावा. नावे शेवटी उघडावीत. त्या कौलाशेजारी प्रसिद्ध झालेले आलेख ठेवून पाहावेत. जेथे जुळेल तेथे आकड्यावरचा विश्वास डोळस होईल, आणि जेथे जुळणार नाही तेथे विचार करावयास विषय मिळेल. यास खर्च आहे तो पडद्याच्या कापडाचा.